ओळ झेलणारी मुलगी

एका गावात एका मुलीला शांततेची भीती वाटायची.

गावाचं नाव सांजखेड. मोठ्या तळ्याच्या काठावर वसलेलं. सकाळी तळ्यावरून धुकं उठायचं आणि गावात शिरायचं. घरात, गोठ्यात, शाळेच्या खिडक्यांमधून थेट वर्गात. धुकं इतकं सवयीचं, की अंगण झाडता झाडता बायका त्यालाही थोडं बाजूला सारल्यासारखं करायच्या. पलीकडच्या शहराला जायला एक होडी होती. ती धुक्यातून यायची तेव्हा आधी वल्ह्यांचा आवाज यायचा, मग होडी यायची आणि सगळ्यात शेवटी आतली माणसं दिसायची.

सांजखेड हे झीलकऱ्यांचं गाव. शाहीर पोवाडा गातो, तेव्हा त्याच्या मागं उभं राहून जे सूर धरतात ते झीलकरी. शाहीर कुठलाही असो, मागचा गळा सांजखेडचाच हवा, असं लोक म्हणत. त्याला कारणही तसंच होतं. गाता गाता शाहिराचा श्वास तुटला, की पुढची ओळ हे लोक अशी अलगद झेलायचे की ऐकणाऱ्याला पत्ता लागत नसे. गावातली म्हातारी माणसं पाळण्यातल्या पोराच्या कानात सांगायची, "ओळ खाली पडू द्यायची नाही, बाबा. ओळ पडली की झीलकऱ्याची मान पडली."

होता होता सगळ्या गावालाच दुसऱ्याची ओळ झेलायची खोड लागली. बाजारात कुणी "आज जरा..." म्हणून थांबला, की चौघं मिळून म्हणायचे, "...ढगाळ आहे!" त्याला कदाचित "आज जरा बरं वाटत नाही" असं म्हणायचं असे. पण ओळ तर पडली नाही ना, झालं मग. तो बिचारा वर आभाळाकडे बघायचा आणि म्हणायचा, "हो, ढगाळ आहे खरं."

या गावातल्या एका नामांकित झीलकऱ्याची मुलगी म्हणजे वैजयंता. सगळे तिला वैजू म्हणत. वैजू भारी दचकरी. भांडं पडलं की दचकायची, आणि भांडं पडलं नाही तर आता केव्हा पडेल म्हणून दचकायची. पण आवाजापेक्षा जास्त ती शांततेला घाबरायची. दोन माणसं बोलता बोलता गप्प झाली की तिच्या पोटात खड्डा पडे. वाटे, आता काहीतरी तुटणार. मग ती घाईघाईनं त्या खड्ड्यात काहीतरी टाकायची. एखादा शब्द, एखादा प्रश्न, काहीच नाही तर खोकला.

तिची आत्या शहरात राहायची. सुट्टीत तिच्याकडे राहून राहून वैजूला इंग्रजी चांगलं यायला लागलं होतं. वर्गात बाकी कुणाला ते तसं येत नव्हतं.

त्या वर्षी शाळेत इंग्रजी शिकवायला खिलारे बाई आल्या. बाई लांबच्या गावच्या. त्यांनी एक नवीनच तास सुरू केला. बोलायचा तास. एकेकानं उठायचं, खिडकीपाशी उभं राहायचं आणि इंग्रजीतून आपल्या घरचं काहीतरी सांगायचं.

"चुकलात तरी चालेल," बाई म्हणाल्या. "मी रागावणार नाही. पण बोला."

पहिला हणमंत उठला. त्याचे वडील तळ्याकाठच्या वडाखाली खुर्ची मांडून लोकांचे केस कापत. हणमंत छाती काढून म्हणाला, "माय फादर इज..."

आणि अडकला.

वर्ग शांत झाला. धुकं खिडकीतून आत आलं आणि हणमंताच्या खांद्यावर येऊन बसलं. वैजूच्या पोटात खड्डा पडला. तिच्या तोंडून निघून गेलं, "...अ फार्मर!"

हणमंतानं आनंदानं मान डोलावली. चला, इंग्रजीत का होईना, बापाला जमीन मिळाली.

मग हेच सुरू झालं. जो अडेल, त्याची ओळ वैजू झेलायची. होडीवाल्याची मुलगी अडली, तिचेही वडील शेतकरी झाले. कुंभाराच्या मुलाचेही झाले. महिनाभरात त्या वर्गात सगळ्यांचे बाप फार्मर, सगळ्यांच्या आया काइंड, आणि सगळ्यांना आवडणारं फळ म्हणजे मँगो. पोरं नुसता पहिला शब्द म्हणायची आणि वैजूकडे बघायची. तिचं बघून बाकीचेही झील धरायला शिकले. वर्गातून असा एका सुरात आवाज यायचा, की बाहेरून जाणाऱ्या माणसाला वाटावं, आत आरतीच चालली आहे.

खिलारे बाई आधी खूश होत्या. माझा वर्ग बोलतो, असं त्या सगळ्यांना सांगायच्या. मग एक दिवस त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "काय रे, गावात एवढे शेतकरी, मग भाजी रोज होडीतून कशी येते?"

"बाई, ते इंग्रजीतले शेतकरी आहेत!" हणमंत म्हणाला. सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या, पण अर्धंच. त्या म्हणाल्या, "वैजयंता, दुसरं कुणी बोलत असताना तोंडावर बोट." वैजू तोंडावर बोट ठेवायची. पण बोटामागून शब्द सुटायचाच.

वर्गात अनसू नावाची मुलगी होती. अनसूया. वैजूची जिवाची मैत्रीण. अनसूची आई जन्मापासून मुकी आणि बहिरी. गाण्याच्या गावात तेवढं एकच घर बिनआवाजाचं होतं. आई हातांनी बोलायची. तिचे हात हवेत फिरत राहायचे आणि थांबले की मगच कळायचं, तिला काय म्हणायचं होतं. म्हणून अनसूला वाट बघायची सवय. कुणी काही विचारलं की ती लगेच बोलत नसे. आधी आत कुठेतरी जायची, मग यायची.

वर्गात ती उभी राहिली की म्हणायची, "माय मदर..." आणि आत जायची. तेवढ्यात वैजू म्हणायची, "...इज व्हेरी काइंड!"

अनसू खाली बसायची.

सांजखेडची शाळा आठवीपर्यंतच होती, आणि या पोरांचं हे आठवीचंच वर्ष. पुढं मुलींनी घरीच बसायचं, नाही तर शहर गाठायचं. वैजूला चिंता नव्हती. ती आत्याकडे राहणार होती. अनसूला शहरात कुणीच नव्हतं. पण शहरातल्या एका शाळेच्या वसतिगृहात अशा एका मुलीसाठी जागा होती. तिथल्या मोठ्या बाई मुलींचं बोलणं ऐकायला होडीनं येणार होत्या. त्या शाळेत सगळं इंग्रजीतून. म्हणून मुलीनं स्वतःच्या तोंडानं इंग्रजीत काहीतरी सांगायला हवं, एवढीच त्यांची अट. ते जमलं तर अनसूची शाळा पुढं चालू राहणार होती. नाही तर आठवीवरच संपणार होती.

वैजूनं दोघींची शहरातली वाट मनात कधीच आखून ठेवली होती. एकाच बाकावर बसायचं, एकाच डब्यात खायचं. एकटीनं त्या मोठ्या शाळेत जायचं म्हटलं तर तिला दरदरून घाम फुटायचा.

"तू अजिबात घाबरू नकोस," शाळेतून परत येताना बांधावर ती अनसूला म्हणाली. "तू नुसतं माय मदर म्हण. पुढचं मी बघते."

अनसू चालत राहिली. तळ्यावर दुपारचं ऊन पडलं होतं आणि पाणी झोपेत कूस बदलावं तसं हलत होतं. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "वैजू, माझी आई काइंड नाहीये."

"अगंबाई! मग कशी आहे?"

अनसू थांबली. विचार करू लागली.

"कडक आहे?" वैजू म्हणाली. "गरीब आहे? आजारी असते? दुःखी आहे?"

अनसूनं तिच्याकडे पाहिलं. हसू आणि रडू दोन्ही तिच्या चेहऱ्यावर एकदमच आलं.

"बघ. परत केलंस."

"मी काय केलं? मदतच करतेय की!"

"मी शब्द आणायला आत जाते ना," अनसू म्हणाली, "तो घेऊन बाहेर येते, तर तू दारात तुझा शब्द ठेवून गेलेली असतेस. मग माझा मी परत आत नेऊन ठेवते."

वैजूला ते लागलं. घरी जाऊन तिनं वडिलांना विचारलं, "अण्णा, समोरचा अडला आणि आपण ओळ झेललीच नाही तर?"

अण्णा डफाला ऊन दाखवत बसले होते. ते चपापले. "असलं बोलू नये, बाळ. झीलकऱ्याच्या घरची ना तू? समोरच्याचा श्वास तुटला आणि आपण गप्प बसलो, तर आपल्यासारखे कठोर आपणच."

वैजू दारात बसून राहिली. एकीकडे अनसू, एकीकडे अण्णा. मधे ते तळं, कुणाचीच बाजू न घेणारं.

मोठ्या बाई आल्या त्या सकाळी धुकं फार दाट होतं. आधी वल्ह्यांचा आवाज आला, मग होडी, आणि मग पांढऱ्या केसांच्या, सरळ पाठीच्या एक बाई. त्या वर्गात आल्या आणि खिलारे बाईंच्या शेजारी खुर्चीवर बसल्या.

"सगळ्यांचंच ऐकते," त्या म्हणाल्या. "मुलांचंही. जरा भीड चेपू दे."

हणमंत उठला. "माय फादर इज..." त्यानं सवयीनं वैजूकडे पाहिलं. वैजूनं ओठ घट्ट मिटले होते. पण सवय ती सवय. ओठांच्या फटीतून बारीक आवाज आलाच, आणि मागून वर्गानं झील धरली. "अ फार्मर!" मग होडीवाल्याची मुलगी उठली. फार्मर. कुंभाराचा मुलगा. फार्मर.

मोठ्या बाईंनी हात वर केला.

"खिलारे बाई, या वर्गात मला एकच मूल बोलताना ऐकू येतंय," त्या शांतपणे म्हणाल्या. "बाकीच्यांची नुसती तोंडं हलताहेत. ते एक मूल कोणतं, तेही दिसतंय मला."

खिलारे बाईंची मान खाली गेली. वैजूला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं. आजवर तिला वाटायचं, आपण सगळ्यांना बोलतं केलं. आणि ह्या बाई तर म्हणत होत्या, इथं कुणी बोलतच नाही.

"अजून कुणी आहे का?" मोठ्या बाईंनी खिडकीबाहेर होडीकडे पाहिलं. "नाही तर मी निघते."

अनसू उठली. खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

"माय मदर," ती म्हणाली.

आणि गप्प झाली.

शांतता आली. ही शांतता आधीच्या सगळ्या शांततांहून मोठी होती. धुकं आत आलं आणि बाकांच्या मधून हळूहळू फिरू लागलं. लांब कुठेतरी शेळीच्या गळ्यातली घंटा वाजली आणि थांबली. अनसूचा चेहरा धुक्यात पुसट झाला, जणू ती खरंच कुठेतरी आत निघून गेली आहे आणि खिडकीपाशी तिचा फक्त फ्रॉक उभा आहे.

वैजूच्या जिभेवर वाक्य तयार होतं. चांगलं होतं. पूर्ण होतं. एवढं एक वाक्य अनसूच्या ओंजळीत टाकलं की झालं. नाही टाकलं, तर ही शाळेला मुकेल, आणि ही अडली म्हणून नव्हे, मी गप्प बसले म्हणून! कठोर, कठोर, असं अण्णांच्या आवाजात तिच्या कानात वाजू लागलं. मोठ्या बाईंनी मांडीवरची पिशवी खांद्याला लावली.

मागं हणमंतानं तोंड उघडलं. सगळा वर्गच श्वास भरून झील धरायला सज्ज झाला. सांजखेडच्या पोरांना ओळ पडलेली बघवेना.

तेवढ्यात वैजूनं अनसूच्या खांद्यांकडे पाहिलं.

शाहिराचा श्वास तुटतो तेव्हा त्याचे खांदे पडतात. हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. अनसूचे खांदे पडले नव्हते. ते हळूहळू वर येत होते. तिचा श्वास तुटला नव्हता. ती श्वास घेत होती.

तुटलेला श्वास आणि घेतलेला श्वास. ऐकायला दोन्ही सारखेच. आवाज कशालाच नाही.

वैजूनं आपल्या वेणीचं टोक दातांत धरलं आणि वळून तळहात वर केला, शाहीर झीलकऱ्यांना थोपवतो तसा. हणमंताचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. वर्ग थांबला. वैजूच्या पोटातला खड्डा विहिरीएवढा झाला होता. पण तिनं त्यात काहीच टाकलं नाही.

मग अनसूचे हात हलले. आधी हातच. तिनं बोटं गळ्याशी नेली आणि हवेत सोडली. आणि हातांच्या मागून एकेक शब्द आला, धुक्यातून माणसं येतात तसा.

"माय मदर... नो व्हॉइस. शी टॉक... हॅन्ड. व्हेरी फास्ट. शी अँग्री, हॅन्ड फास्ट. शी हॅपी... हॅन्ड मोअर फास्ट." ती थांबली. कुणी हललं नाही. "आय वेट. हॅन्ड स्टॉप... देन आय नो."

वर्गात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. आणि नवल म्हणजे, वैजू दचकली नाही.

मोठ्या बाईंनी पिशवी पुन्हा मांडीवर घेतली. इंग्रजीतूनच विचारलं, "आणि लोक तुझी वाट बघतात का?"

अनसू परत आत गेली. या वेळी मोठ्या बाईही थांबल्या, खिलारे बाई थांबल्या, सगळा वर्ग थांबला. होडीवाल्यानं काठावरून हाक मारली, "बाईऽऽ, निघायचं ना?" त्याला कुणी ओ दिली नाही.

"टुडे," अनसू म्हणाली. "टुडे, येस."

मोठ्या बाई उठल्या आणि तिच्यापाशी गेल्या. "येशील आमच्याकडे?"

"आईला विचारते," अनसू म्हणाली.

आईला बोलावून आणलं. ती ओल्या हातांनीच आली, पदराला पुसत. अनसूनं हातांनी तिला सगळं सांगितलं. आईनं लेकीकडे पाहिलं, मोठ्या बाईंकडे पाहिलं, आणि मग तिचे हात सुटले. हवेत किती तरी वेळ ते फिरत होते, वर जात होते, खाली येत होते, एकदा मोठ्या बाईंच्या नाकासमोरूनही गेले. मग थांबले.

मोठ्या बाई गोंधळल्या. समोरच्याच बाकावर वैजू होती. त्यांनी तिला विचारलं, "तू हुशार दिसतेस. काय म्हणाली गं तिची आई?"

वैजू लहानपणापासून त्या घरात जात-येत होती. तिला अर्धंअधिक कळलं होतं. उरलेलं तिनं सहज जुळवलंही असतं.

"मला नाही सांगता येणार, बाई," वैजू म्हणाली. "अनसूला विचारा. तिला थोडा वेळ लागतो."

मग अनसूनं इंग्रजीतून सांगितलं. हळूहळू, मोडकंतोडकं, मधे मधे थांबत. आई म्हणते आहे, घेऊन जा. अभ्यासाला बसवा. नाही बसली तर रागवा. पण ही जेवायला फार वेळ लावते. हिचं होईपर्यंत ताट उचलू नका.

तात्पर्य: बोलायला शिकणारा थांबला, म्हणजे तो हरला असं नाही. त्याच्या तोंडी आपला शब्द घालणं ही मदत नव्हे. त्याचा शब्द येईपर्यंत धीर धरणं, हीच खरी मदत.